गच्चीवरून सोडलेले दोन चेंडू एकदम पडलेच नाहीत! (मुलांसाठी गुरुत्वाकर्षणाचे घरगुती प्रयोग)

गोदाकाठची | रविवार, रात्री ९:५२

मंडळी, आज आठ पोरांपुढे माझी चांगलीच फजिती झाली, म्हणून हा धागा.

आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीत रविवारी सकाळी चौथी ते सातवीची मुलं माझ्याकडे गोळा होतात. मी कधीकाळची बी.एस्सी. फिजिक्स. नंतर बँकेत चिकटले आणि पुस्तकं माळ्यावर गेली. लेक सहावीत आहे, तिच्या डोक्यात होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेचं खूळ शिरलंय. म्हटलं, नुसत्या सराव प्रश्नपत्रिका घासण्यापेक्षा हातानं काही करू या.

तर आज विषय गुरुत्वाकर्षण. मी झोकात सांगितलं की जड वस्तू आणि हलकी वस्तू एकाच वेळी खाली पडतात. नवऱ्याचा सीझन बॉल घेतला, पोरांचा पोकळ प्लास्टिकचा चेंडू घेतला, तीन मजले चढून गच्चीवर गेलो. वॉचमन काकांना खालचं पार्किंग मोकळं करायला लावलं, सगळी पोरं खाली उभी केली आणि कठड्यावरून दोन्ही चेंडू एकदम सोडले.

सीझन बॉल धप्पकन आधी पडला. प्लास्टिकचा नंतर. पुसटसा फरक नाही, सगळ्यांना धडधडीत दिसला. तीनदा केलं, तिन्हीदा तेच. शेजारचा चौथीतला पोरगा खालून ओरडला, "काकू, तुम्ही खोटं सांगितलंत!"

हवेचा अडथळा वगैरे मला माहीत आहे हो. पण ते नंतर सांगणं म्हणजे परीक्षेत नापास झाल्यावर पेपर अवघड होता म्हणण्यासारखं झालं. पोरं काही पटवून घेईनात.

दुसरा घोळ लंबकाचा. माळ्याच्या हुकाला सुतळी बांधली, खाली जुनं पितळी कुलूप. सुतळी मोजली, ९५ सेंटिमीटर. २० झोके (जाऊन परत आलं की एक) मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजले, ४० सेकंद. म्हणजे एक झोका २ सेकंदांचा. सूत्रात घातलं (मीटरमधली लांबी गुणिले ३९.५, भागिले एका झोक्याच्या वेळेचा वर्ग) तर उत्तर आलं ९.३८. पुस्तकात ९.८ (म्हणजे पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला तेवढ्या मीटरनं वाढतो). लेक म्हणते, "आई, नाशिकला गुरुत्वाकर्षण कमी आहे का?"

अब्रू वाचवली ती दोनच गोष्टींनी. एक म्हणजे ५०० ची नोट. नोट उभी धरायची, समोरच्यानं अंगठा आणि बोट नोटेच्या मध्याशी उघडं ठेवायचं, मी न सांगता सोडणार, पकडली तर नोट त्याची. नोट १५ सेंटिमीटर लांब, म्हणजे बोटांतून निसटायला जेमतेम साडेसात सेंटिमीटर. तेवढं अंतर ती सुमारे ०.१२ सेकंदात पडते आणि डोळ्यानं पाहून बोट मिटायला माणसाला ०.२ सेकंदाच्या आसपास लागतात. आठही पोरं, दोन बाबा आणि वॉचमन काका, कुणालाही जमलं नाही. दुसरं, भिंतीला टाचा आणि पाठ टेकवून उभं राहायचं आणि गुडघे न वाकवता पुढ्यातलं नाणं उचलायचं. सगळे तोंडघशी.

तर अनुभवी लोकांनी सांगा: घरात, कमी खर्चात, नक्की जमणारे प्रयोग कुठले? आणि चेंडूंच्या बाबतीत आता पोरांना काय तोंड दाखवू?

---

रानजाई | रविवार, रात्री १०:०५

खिडकी अडवून बसले आहे. आमच्याकडेही एक "का? का? का?" वयाचं कार्टं आहे.

---

पंचवटीकर | रविवार, रात्री १०:११

धागा छान, पण ताई, गच्चीवरून सीझन बॉल? खाली पोरं उभी करून? आमच्या चेअरमननी असलं पाहिलं असतं तर थेट नोटीस बोर्डावर नाव लागलं असतं.

---

सातपूरचा_फिटर | रविवार, रात्री १०:४८

ताई, तुमचा प्रयोग फसलेला नाही. तुम्ही सांगितलेलं वाक्य अर्धं होतं, चेंडूंनी उरलेलं अर्धं सांगितलं.

दोन्ही चेंडू साधारण एकाच आकाराचे, म्हणजे एकाच वेगाला हवा दोघांनाही जवळपास सारखंच अडवते. पण सीझन बॉल १६० ग्रॅमचा आणि प्लास्टिकचा फार तर वीस-पंचवीसचा. तेवढाच अडथळा हलक्याला जास्त जड जातो. त्यातून हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. तीन मजल्यांवरून चेंडू खाली पोचेपर्यंत वेग सेकंदाला १३-१४ मीटर होतो, तिथे फरक दिसणारच.

उपाय सोपा आहे, उंची कमी करा. हेच दोन चेंडू छातीच्या उंचीवरून सोडा. डोळ्याला काही फरक दिसणार नाही. मग स्टुलावरून. मग जिन्यावरून. कुठल्या पायरीपासून फरक कळायला लागतो ते पोरांनाच शोधू द्या. त्या चौथीतल्या पोराला पहिला मान द्या, त्यानं जे पाहिलं तेच सांगितलं.

आणि एक गोष्ट आम्हाला कारखान्यात शिकवतात ती: डोळ्यापेक्षा कान तिखट असतो. दोन वस्तू एकदम पडल्या का हे बघू नका, ऐका. जमिनीवर स्टीलची परात उपडी ठेवा आणि तिच्यावर टाका. एक "टण्" ऐकू आला तर एकदम, "ट-टण्" आला तर नाही.

लंबकाचं उद्या लिहितो, सेकंड शिफ्ट करून आलोय. पण तुमची चूक मला दिसली आहे. कुलूप कुठून कुठपर्यंत मोजलंत?

---

चष्मिष्ट | रविवार, रात्री ११:२०

फिटरदादांच्या कानाच्या मुद्द्याला इतिहासाची जोड. पिसाच्या मनोऱ्यावरून गॅलिलिओनं गोळे टाकले ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. ती आली त्याचा शिष्य विव्हियानी यानं नंतर लिहिलेल्या चरित्रातून, गॅलिलिओनं स्वतः असं केल्याचं कुठे लिहिलेलं नाही. पण त्याआधी, १५८६ मध्ये, सायमन स्टेविन या डच माणसानं शिशाचे दोन गोळे, एक दुसऱ्याच्या दहापट जड, तीस फुटांवरून फळीवर टाकल्याचं छापलं आहे. आणि त्यानं पुरावा काय दिला? दोघांचा आवाज एकच ऐकू आला! दोन्ही गोळे शिशाचे होते म्हणून हवेनं दगा दिला नाही, हेही मुलांना दाखवा.

गॅलिलिओचा खरा मासला प्रयोगाचा नाहीच, युक्तिवादाचा आहे. १६३८ च्या त्याच्या ग्रंथात तो विचारतो: जड दगड जोरात पडतो आणि हलका सावकाश असं धरा. आता दोघांना एकत्र बांधा. हलका जडाला मागे खेचणार, म्हणजे जोडी एकट्या जड दगडापेक्षा सावकाश पडली पाहिजे. पण जोडी तर एकट्यापेक्षा जड आहे, म्हणजे जोरात पडली पाहिजे. दोन्ही कसं खरं असेल?

मी हे भाच्याला स्वयंपाकघरात कांदा आणि द्राक्ष घेऊन विचारलं होतं. पाच मिनिटं गप्प बसला. मग म्हणाला, "मामा, तू काहीतरी चापलूसी करतोयस." (त्याला चलाखी म्हणायचं होतं.) दुसऱ्या दिवशी आपण होऊन आला, "दोघं सारखेच पडत असतील तरच भांडण मिटतं." मार्च महिना आहे, द्राक्षं घरोघरी आहेत, करून बघा. द्राक्ष फरशीवर फुटतं एवढंच.

---

दिंडोरीची_बाई | सोमवार, सकाळी ७:३५

जिल्हा परिषद शाळेत शिकवते, सामान फुकटचं असेल तरच परवडतं. माझे दोन:

१) रुपयाचं नाणं आणि त्याहून किंचित लहान कापलेला कागदाचा तुकडा. वेगवेगळे सोडले तर कागद भिरभिरत मागे राहतो. मग कागद नाण्यावर ठेवून नाणं आडवं सोडायचं. दोघं बरोबर पडतात. मुलं म्हणतात नाण्यानं कागदाला चिकटवून नेलं. मग नुसत्या कागदाचा घट्ट बोळा करून टाकायचा, तो नाण्याच्या बरोबरीनं पडतो. कागद तोच, वजन तेच, फक्त हवेला अडवायला जागा उरली नाही. वर्गात इतकी शांतता एरवी फक्त खिचडी आली की होते.

२) पाण्याच्या बाटलीला बुडाशी भोक पाडा, बोटानं दाबून भरा, झाकण उघडं ठेवा. बोट काढलं की धार लागते. आता धार चालू असतानाच बाटली हातातून सोडून द्या. पडता पडता धार थांबते. बाटली आणि पाणी दोघं सारख्याच वेगानं पडतायत, पाण्याला बाहेर ढकलणारा दाबच उरत नाही. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये काढा, नाहीतर पोरं विश्वास ठेवत नाहीत. मी शाळेच्या वाफ्यात करते, पाणी झाडांना जातं.

याच्यावरून पुढचा धडा आपसूक येतो. मुलांना वाटतं अंतराळात गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून माणसं तरंगतात. शुभांशू शुक्ला २०२५ मध्ये ज्या स्थानकावर राहून आले ते जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटरवर, आणि तिथे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळपास नव्वद टक्के असतं. ते स्थानक आणि आतली माणसं सतत एकत्र पडत असतात, आपल्या बाटली आणि पाण्यासारखी. फक्त आडवा वेग इतका की जमीन खालून वळत जाते.

---

अभिमानी_मराठा | सोमवार, सकाळी ९:०२

सगळे गॅलिलिओ, न्यूटन करताय. आपल्या भास्कराचार्यांनी न्यूटनच्या पाचशे वर्षं आधी गुरुत्वाकर्षणाचा शोध लावला, हे कोण सांगणार मुलांना?

चष्मिष्ट | सोमवार, सकाळी ९:४०

जरूर सांगा, पण आहे तेवढंच सांगा. ११५० च्या सिद्धान्तशिरोमणीत "आकृष्टिशक्तिश्च मही" हा श्लोक आहे. पृथ्वीत आकर्षणशक्ती आहे, आकाशातल्या जड वस्तूला ती स्वतःकडे ओढते, म्हणून ती पडल्यासारखी दिसते. पण भोवती सगळीकडे आकाश सारखंच, मग ही पृथ्वी स्वतः कुठे पडेल? हा शेवटचा प्रश्न तर लहान मुलाचाच प्रश्न आहे आणि फार सुंदर आहे. न्यूटनचं १६८७ चं काम वेगळं: ओढ अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते आणि जी ओढ फळाला पाडते तीच चंद्राला फिरवते, हे त्यानं आकडेमोडीनं दाखवलं. दोघांनाही आपापल्या जागी ठेवू या.

अभिमानी_मराठा | सोमवार, सकाळी ९:५१

तुमच्यासारख्यांमुळेच...

पंचवटीकर | सोमवार, सकाळी १०:०३

दोघांनी वेगळा धागा काढा बुवा. इथे पोरांचं चाललंय.

---

सातपूरचा_फिटर | सोमवार, दुपारी १२:३०

आता सविस्तर. आधी माझा आवडता प्रयोग, मग कुलूप.

प्रत्येक माळेला पाच असे सारखे नट घ्या, दहा एमएमचे. भद्रकालीत किंवा सातपूरला हार्डवेअरवाल्याकडे किरकोळ पैशात मिळतात. बारीक पक्का दोरा घ्या, दोन लांबट माळा करा.

पहिली माळ: नट सारख्या अंतरावर, ४०-४० सेंटिमीटरवर. दुसरी माळ: खालच्या नटापासून मोजून १०, ४०, ९० आणि १६० सेंटिमीटरवर. म्हणजे मधली अंतरं १०, ३०, ५०, ७०.

परात उपडी. स्टुलावर उभं राहून माळ अशी धरा की खालचा नट परातीला जेमतेम टेकलेला असेल. पोरांना डोळे मिटायला सांगा. सोडा.

सारख्या अंतराच्या माळेचा आवाज येतो: टण्... टण्. टण्टण्. शेवटी घाई होते. वरचे नट जास्त उंचीवरून, वाढत्या वेगानं येतात ना.

आता दुसरी माळ. सोडण्याआधी पोरांकडून अंदाज वदवून घ्या, हे महत्त्वाचं. सगळे म्हणतील आवाज आणखी वेडावाकडा येणार. आणि येतो: टण् टण् टण् टण्. तबल्याच्या ठेक्यासारखा सारखा. प्रत्येक ठोक्यात ०.१४ सेकंद.

का? दुप्पट वेळात चौपट अंतर, तिप्पट वेळात नऊपट. म्हणून १, ४, ९, १६. आणि मधली अंतरं १, ३, ५, ७. गॅलिलिओनं हेच उतरत्या पन्हाळीवरून गोळा सोडून काढलं, आणि वेळ मोजायला घड्याळ नव्हतं म्हणून भांड्यातून गळणारं पाणी तोलून मोजली.

माझ्या पुतणीनं माळ ऐकल्यावर स्वतःच विचारलं की सहावा नट कुठे बांधायचा. १६० मध्ये ९० मिळवून २५०. गच्चीच्या जिन्यातून सोडला तोही, ठेका चुकला नाही.

आता कुलूप. ताई, तुम्ही हुकापासून कुलपाच्या कडीपर्यंत सुतळी मोजलीत, बरोबर? लंबकाची लांबी मोजायची असते ती कुलपाच्या गुरुत्वमध्यापर्यंत, म्हणजे जिथे ते तोललं जातं त्या बिंदूपर्यंत. पितळी कुलूप चांगलं आठ-नऊ सेंटिमीटरचं असेल तर चार-एक सेंटिमीटर तुम्ही खाल्ले.

गुरुत्वमध्य काढायचा कसा, तर गवंड्याची रीत. पुठ्ठ्याचा कुठलाही वेडावाकडा तुकडा घ्या, आम्ही नाशिक जिल्ह्याचा नकाशा कापला होता. कडेला भोक पाडून खिळ्यावर सैल लटकवा, त्याच खिळ्याला ओळंबा सोडा, दोऱ्याच्या रेषेवर पेन्सिलनं रेघ मारा. दुसऱ्या भोकातून पुन्हा. दोन रेघा जिथे छेदतील तिथे बोट टेकवा, अख्खा जिल्हा बोटावर तोलला जातो. कुलपासाठी एवढं नको, ते पट्टीच्या धारेवर आडवं ठेवून जिथे तोलेल तिथे खडूची खूण करा.

तुमच्या भिंतीच्या प्रयोगाचंही हेच. वाकताना आपण नकळत कंबर मागे नेतो, म्हणजे गुरुत्वमध्य पावलांच्या वर राहतो. भिंत कंबर मागे जाऊ देत नाही, मग तोंडघशी.

आणि लेकीला सांगा की प्रश्न वेडगळ नाही. नाशिकला ते खरंच जरा कमी आहे! विषुववृत्तावर ९.७८, ध्रुवांवर ९.८३, आणि आपण विषुववृत्ताच्या बाजूला, शिवाय पठारावर. नाशिकचा आकडा ९.७८ च्या आसपास. पण ९.३८? तेवढं कमी असतं तर गोदावरीनं वाहताना विचार केला असता.

---

रानजाई | सोमवार, दुपारी १:१५

ओळंबा म्हटल्यावर आमचे आजोबा आठवले, भिंत उठताना डोळा मिटून बघायचे. माळेचा प्रयोग आजच करते.

---

मिसळ_एक्स्ट्रा_तर्री | सोमवार, दुपारी ३:२२

मी सायन्सवाला नाही, पण कॉलेजात सरांनी दाखवलेला एक सांगतो, खास नाशकात करण्यासारखा. मिसळीबरोबर मिळतात ते कागदी द्रोण पाच आणा (न वापरलेले!). चार एकात एक घाला. एका मुलानं एकटा द्रोण एक मीटरवरून सोडायचा आणि दुसऱ्यानं चारांचा गठ्ठा दोन मीटरवरून, एकदम.

दोन्ही जवळपास बरोबर टेकतात! कारण द्रोण इतका हलका की सोडल्या सोडल्या हवा त्याला एका ठरावीक वेगावर आणून ठेवते. वजन चौपट झालं की तो वेग दुप्पट होतो, म्हणून तेवढ्याच वेळात दुप्पट अंतर. ताई, तुमच्या चेंडूंना हवेनं काय केलं ते पोरांना यात मोजता येईल. पंखा बंद ठेवा, आम्ही विसरलो होतो आणि द्रोण फ्रीजमागे गेले.

---

शंकासूर | सोमवार, सायंकाळी ६:४०

हवा नसेल तर खरंच पीस आणि हातोडा बरोबर पडतात, हे कुणी पाहिलंय का? की हेही पुस्तकातच?

चष्मिष्ट | सोमवार, सायंकाळी ७:०५

पाहिलंय, कॅमेऱ्यासमोर. १९७१ मध्ये अपोलो १५ चे डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा आणि ससाण्याचं पीस एकदम सोडलं. बरोबर पडले. चंद्रावर ओढ पृथ्वीच्या सहाव्या हिश्शाएवढी, त्यामुळे पडतातही निवांत, मुलांना नीट दिसतं. आधी तुमचे चेंडू, मग द्रोण आणि शेवटी हा व्हिडिओ, असा क्रम लावा.

---

झोपाळा | मंगळवार, सकाळी ८:१०

बागेत जाऊन येणाऱ्यांसाठी: दोन शेजारचे झोके, एकावर बाबा, एकावर पोर, दोघं बसलेले, सारख्याच मागून सोडायचे, पाय हलवायचे नाहीत. वजनात तिप्पट फरक आणि झोके जवळजवळ जोडीनं चालतात. मग पोराला झोक्यावर उभं करा (मोठ्यानं धरून), त्याचा झोका लवकर येतो. गुरुत्वमध्य वर गेला, लंबक आखूड झाला. नात म्हणाली, "आजी, मी उभी राहिले की माझं घड्याळ पुढे जातं."

---

गोदाकाठची | मंगळवार, रात्री १०:१७

सगळ्यांना मनापासून धन्यवाद! वृत्तान्त देते.

रविवारची वाट पोरांनी पाहू दिली नाही, आज संध्याकाळीच जमली. चेंडू छातीच्या उंचीवरून: एक "टण्". स्टुलावरून: एकच. दुसऱ्या मजल्याच्या जिन्यातून खाली सतरंजीवर (परातीला पोचा पडला, सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही): "धप्-धप्". चौथीतल्या त्या पोरानं वहीत लिहिलं, "काकू थोड्या उंचीपर्यंत खरं बोलतात." मी खाली सही केली.

नटांच्या माळेला तर टाळ्या पडल्या. ठेका सारखा आल्यावर दोघांनी मला दोरा दाखवायला लावला, काही चलाखी तर नाही ना म्हणून. द्रोण तीनातून दोनदा बरोबर टेकले, तिसऱ्यांदा गठ्ठा कलंडला.

आणि कुलूप! फिटरदादा, कडीपर्यंतच मोजलं होतं. लेकीनं ते पट्टीच्या धारेवर तोललं, खडूची खूण केली. कडीपासून बरोबर ४ सेंटिमीटर. म्हणजे ९५ ऐवजी ९९. वेळ पुन्हा मोजली, २० झोक्यांना ४० सेकंदच. ९९ सेंटिमीटर म्हणजे ०.९९ गुणिले ३९.५ भागिले ४... ९.७७ आणि वर थोडं! तिनं कॅलेंडरवर आजच्या चौकोनात लिहून ठेवलंय, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी.

---

सातपूरचा_फिटर | मंगळवार, रात्री १०:५५

वा! सुतळीवर आणि हाताच्या स्टॉपवॉचवर इतकं जवळ म्हणजे झकास. एकच विचारतो. तोलताना कुलपात किल्ली होती का? आणि झोके मोजताना?

---

गोदाकाठची | मंगळवार, रात्री ११:०८

तोलताना नव्हती. झोके मोजताना होती. 🙈

लेक झोपली होती. हे वाचून दाखवलं तर उठून बसली, आता स्टूल ओढतेय.